सायकलीला वेगळी वाट हवी का?

नाशिक, विशेष प्रतिनिधी : सकाळी साडेसहाच्या सुमारास त्र्यंबक रोडच्या कडेला उभे राहिले की नाशिकचे दोन सायकलस्वार दिसतात. एक त्र्यंबकेश्वरच्या दिशेने व्यायामाला निघालेला. अंगात घट्ट जर्सी, डोक्यावर हेल्मेट, हलक्या धातूची गिअरची सायकल आणि सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा. दुसरा सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला. साधी काळी सायकल, हँडलला डब्याची पिशवी आणि दिवा बहुधा नाहीच. शहरात सायकल ट्रॅकचा विषय निघतो तो बहुतेक वेळा पहिल्याकडे पाहून. रस्त्यावरचा धोका मात्र दुसरा पत्करतो, दिवसातून दोन वेळा, आणि त्यातली एक वेळ पुष्कळदा अंधाराची असते.

सायकलीसाठी स्वतंत्र मार्ग असावा की नसावा, असल्यास कसा असावा, हा वाद आता नवा राहिलेला नाही. मुंबई आणि पुण्याने ट्रॅक बांधून पाहिले, मुंबईत तर उखडण्याचाही निर्णय झाला. नाशिकमध्ये 'स्मार्ट रोड'च्या निमित्ताने हा प्रश्न दारात आला आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठीच्या रस्तेबांधणीने तो पुन्हा पुढे आणला. या वादातील बाजू, त्यामागचे नियम आणि इतर शहरांचा अनुभव यांचा हा आढावा.

नाव मोठे, रस्ते तेच

सायकलीच्या बाबतीत नाशिकचे नाव देशात मोठे आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर चालणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही जगातील अत्यंत खडतर शर्यतींपैकी एक. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली; त्यावेळी ते नाशिकमध्येच कार्यरत होते. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूरपर्यंतची सायकलवारी दरवर्षी शेकडो जणांना रस्त्यावर आणते. नाशिकला देशाची सायकल राजधानी करण्याची घोषणाही याच वातावरणातून आली.

हे सारे कौतुकास्पदच आहे. परंतु शर्यतीत उतरणारा सायकलस्वार पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, शहराबाहेर सराव करतो. शाळेत जाणारी मुलगी, दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, बांधकामावरचा गवंडी यांना शहरातूनच, गर्दीच्याच वेळी जावे लागते. या दोन गटांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि पुष्कळदा परस्परविरोधी आहेत. वेगाने जाणाऱ्याला पेव्हर ब्लॉकचा, दर पन्नास पावलांवर उतार-चढाव असलेला ट्रॅक नको असतो. तो मुख्य रस्त्यावरच राहतो. संथ जाणाऱ्याला मुख्य रस्ता नको असतो. 'सायकलस्वारांनाच ट्रॅक नको आहेत' असे म्हणणारे अधिकारी आणि 'ट्रॅक हवेतच' म्हणणारे कार्यकर्ते बहुधा वेगवेगळ्या सायकलस्वारांविषयी बोलत असतात.

बिल्ल्याचे दिवस

एकेकाळी ही विभागणी नव्हती, कारण सायकल हेच सर्वांचे वाहन होते. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सरकारी छापखाने आले, १९६० च्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आणि सातपूरला औद्योगिक वसाहत आली. कामगार मोठ्या संख्येने सायकलीनेच कामावर जात. नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसेल, रात्री दिवा नसेल किंवा 'डबलसीट' जात असाल तर पोलिस अडवीत. चाकाला घासून चालणाऱ्या डायनॅमोचा आवाज आज पन्नाशी ओलांडलेल्यांच्या कानात असेल. गंमत अशी, की ज्या काळात सायकलस्वाराला दंड होत होता, त्या काळात तो रस्त्याचा मान्य हक्कदार होता. आज त्याला कोणी अडवीत नाही, कारण तो वाहतुकीच्या हिशेबातच नाही.

सायकली घरातून गेलेल्या नाहीत, हे विशेष. जनगणनेनुसार देशातील सायकल असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २००१ मध्ये ४३.७ टक्के होते, ते २०११ मध्ये ४४.८ टक्के झाले. त्याच दशकात दुचाकी असलेली कुटुंबे ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. शेती आणि घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक २०११ मध्ये सायकलीने कामावर जात होते. कारखानदारीला मात्र हा काळ मानवला नाही. 'अॅटलस'चा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद झाला.

नियम जुनाच आहे

सायकल ट्रॅक ही परदेशातून अलीकडे आलेली हौस आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकची मार्गदर्शक तत्त्वे १९६२ मध्येच प्रसिद्ध केली होती. २०१५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. मूळ निकष असा : ज्या रस्त्यावरून ताशी १०० ते २०० मोटारवाहने जातात, तेथे गर्दीच्या वेळी ताशी ४०० सायकली असतील तर स्वतंत्र ट्रॅक करावा. वाहनांची संख्या ताशी २०० च्या वर असेल तर ताशी १०० सायकलीही पुरेशा मानाव्यात. रुंदी किमान दोन मीटर. एकमेकांना ओलांडून जायचे असेल तर तीन मीटर.

ताशी २०० वाहनांची मर्यादा आज शहरातील कॉलनीतले रस्तेही ओलांडतात. म्हणजे सारा प्रश्न ताशी १०० सायकलींवर येऊन थांबतो, आणि खरी अडचण येथेच आहे. रस्ता भीतीदायक झाला की आधी मुले, मग स्त्रिया, मग वृद्ध सायकल सोडतात. उरतो तो ज्याला दुसरा पर्याय परवडत नाही असा कामगार. मोजणी झाली तर या उरलेल्यांचीच होणार, आणि आकडा कमी भरला म्हणून ट्रॅकची गरज नाही असा निष्कर्ष निघणार. बारा वर्षांच्या मुलाला सायकलीने शाळेत पाठवायला किती घरांची तयारी आहे, हे कोणत्याही वाहनगणनेत येत नाही.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने यापुढे एक पाऊल टाकले होते. रस्त्याची जागा वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटावी, असे ते धोरण सांगते. मोटारवाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांनुसार सायकल ट्रॅकवर वाहन उभे करण्यास मनाई आहे. कागदावर सायकलस्वाराची बाजू अशी बऱ्यापैकी भक्कम आहे.

विरोधाची बाजू

ट्रॅकला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. रविवार कारंजा, मेनरोड, शालिमार या जुन्या नाशिकच्या भागात रस्ताच इतका अरुंद आहे, की दोन मीटर कोठून काढायचे हा प्रश्न उरतोच. दुकानदाराला समोरची वाहने उभी करण्याची जागा जाईल अशी धास्ती असते, हातगाडीवाल्याला पोटाची. दुचाकीस्वार विचारतो, आम्ही संख्येने कितीतरी अधिक, मग आमची जागा कमी का? आणि सर्वांत टोचणारा आक्षेप : ट्रॅक बांधले तेथे सायकली दिसत नाहीत.

दुसरा विरोध सायकलस्वारांच्याच गोटातून येतो. अमेरिकेतील जॉन फॉरेस्टर यांनी १९७० च्या दशकात अशी भूमिका मांडली, की सायकल हे वाहन आहे, सायकलस्वाराने वाहनचालकासारखेच रस्त्याच्या मध्यावरून, नियम पाळून जावे. वेगळी वाट दिली की तो दुय्यम ठरतो आणि चौकात अधिक धोक्यात येतो. तरबेज सायकलपटूंना हे पटते. परंतु ताशी बारा किलोमीटरने, कॅरिअरवर सामान लादून जाणाऱ्या माणसाने ट्रकच्या पुढे रस्त्याचा मध्य धरावा, हे सांगायला सोपे असले तरी मुंबई-आग्रा महामार्गाच्या समांतर रस्त्यावर ते करून पाहणे वेगळे.

याच्या उलट उदाहरण नेदरलँडचे दिले जाते. १९७१ मध्ये तेथे रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मरण पावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईने त्या चळवळीला बळ दिले आणि पुढच्या दशकांत त्या देशाने सलग सायकल मार्गांचे जाळे उभारले. आज डच लोक जन्मजात सायकलवेडे असल्यासारखे बोलले जाते. प्रत्यक्षात तेथेही पन्नास-साठच्या दशकांत मोटारी वाढत आणि सायकली घटतच होत्या.

मुंबई-पुण्याचे धडे

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ मध्ये सायकल ट्रॅक सुरू केला. कार्यालयांच्या या वसाहतीत रुंद रस्ते, आखीव जागा, निधी, सारे काही होते. पण सायकलीने तेथे यायचे कोठून? संकुलाबाहेर पाऊल टाकले की ट्रॅक संपत असे. मोटारी ट्रॅकवर उभ्या राहू लागल्या आणि अखेर २०२५ मध्ये वाहनांसाठी जागा वाढवण्याकरिता तो काढून टाकण्याचा निर्णय झाला. जाळे नसलेला ट्रॅक कसा निरुपयोगी ठरतो आणि त्याचे अपयश पुढे सायकलीच्याच विरोधातला पुरावा म्हणून कसे वापरले जाते, याचे हे ठळक उदाहरण.

पुण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात २००६ च्या डिसेंबरात बीआरटीचा पहिला टप्पा सुरू झाला, त्यासोबत कडेने सायकल ट्रॅकही आले. अनेक ठिकाणी ते विजेच्या खांबांनी, झाडांनी आणि बसथांब्यांनी तुटलेले होते. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे प्रस्तावित होते. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकली आल्या. रंगीबेरंगी सायकलींनी काही महिने शहर भरून गेले, आणि दोन वर्षांच्या आत त्या दिसेनाशा झाल्या. नाशिकमध्येही २०१८ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतून भाड्याच्या सायकली आल्या आणि तीच वाट धरून गेल्या. मोडतोड, चोरी, तोटा ही कारणे सर्वत्र सांगितली गेली. सुरक्षित रस्ता नसताना सायकल स्वस्तात उपलब्ध करून देऊन काय साधणार होते, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही.

धोका चौकात असतो

ट्रॅकच्या वादात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब म्हणजे चौक. सरळ रस्त्यावर ट्रॅक सायकलस्वाराला मागून येणाऱ्या वाहनापासून वाचवतो, हे खरे. परंतु ट्रॅक चौकापाशी येतो तेव्हा काय होते?

आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते. ट्रॅक सर्वांत डावीकडे असतो. सायकलस्वार सरळ जात असतो आणि त्याच्या उजव्या हाताचे वाहन डावीकडे वळते. म्हणजे थेट त्याच्या वाटेवरून. मध्ये उभ्या मोटारींची रांग, फलक किंवा टपरी असेल तर चालकाला सायकलस्वार शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. ट्रकच्या बाबतीत तर डाव्या बाजूचा बराचसा भाग चालकाच्या नजरेबाहेरच असतो. ट्रॅक जितका आडोशाला, तितका चौकातला धोका अधिक, अशी ही विचित्र स्थिती आहे. फॉरेस्टर यांचा आक्षेप येथे खरा ठरतो.

नाशिकमध्ये यात भर पडते ती सर्कलची. त्र्यंबक रोडवरील एबीबी सर्कल किंवा गंगापूर रोडवरील जेहान सर्कल येथे सायकलस्वाराला उजवीकडे वळायचे असेल तर चौकाचा जवळजवळ पूर्ण वळसा घ्यावा लागतो, आणि वाटेतील प्रत्येक फाट्यावर बाहेर पडणारी वाहने त्याला आडवी जातात. इंदिरानगर भागातून अंबड किंवा सातपूरला जाणाऱ्याला महामार्ग ओलांडावाच लागतो. २०१३ मध्ये उड्डाणपूल झाल्यावर लांब पल्ल्याची वाहतूक वर गेली, पण खालच्या समांतर रस्त्यांवर आणि इंदिरानगरच्या बोगद्यात रिक्षा, दुचाकी, टेम्पो आणि सायकली एकाच अरुंद जागेत आल्या.

चौक किती घातक ठरू शकतो, हे नाशिकने ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाहिले. औरंगाबाद रोडवरील मिरची चौकात खासगी बस आणि ट्रेलरची धडक होऊन बसने पेट घेतला आणि बसमधील अनेक प्रवासी होरपळून मरण पावले. त्या अपघातात सायकलीचा संबंध नव्हता. परंतु त्यानंतर जी चर्चा झाली, ती वेग, गतिरोधक, चौकाची रचना आणि दृष्टी अडवणारी अतिक्रमणे यांचीच होती. सायकलस्वाराला हव्या असलेल्या गोष्टीही त्याच आहेत.

चौकावरचे उपाय फार महागडे नाहीत. उपरस्त्याच्या तोंडाशी ट्रॅक खाली न उतरवता त्याच उंचीवर पुढे न्यायचा, म्हणजे वळणाऱ्या वाहनालाच उंचवट्यावर चढावे लागते आणि ते मंदावते. कोपऱ्याचे वळण घट्ट करायचे. सिग्नलवर सायकलींसाठी वाहनांच्या पुढे थांबण्याची जागा आखायची आणि त्यांना काही सेकंद आधी हिरवा दिवा द्यायचा. चौकाच्या अलीकडे वीस-पंचवीस मीटर वाहने उभी करू द्यायची नाहीत. यातील शेवटच्या उपायाला पैसे लागत नाहीत. तरीही तोच सर्वांत अवघड आहे.

वेगाचे गणित

ट्रॅकला जागाच नाही अशा रस्त्यांसाठी दुसरा मार्ग आहे तो वेग कमी करण्याचा. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताची जोखीम चार टक्क्यांनी वाढते. पादचारी आणि सायकलस्वार जेथे वाहनांमध्ये मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ही संघटना सुचवते. जुन्या नाशिकमध्ये गर्दीच्या वेळी वाहने त्याहूनही हळू चालतात. तेथे ट्रॅकची फारशी गरज नाही. गरज आहे ती रुंद, सरळ, वेगवान रस्त्यांवर, आणि तेथे जागाही आहे. 'जागा कोठे आहे' या प्रश्नाचे उत्तर असे रस्त्यागणिक बदलते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के, पादचारी १९.५ टक्के आणि सायकलस्वार २.९ टक्के होते. टक्केवारी लहान वाटते. आकडा आहे ४,८३६. म्हणजे दररोज सरासरी तेरा.

हेल्मेटविषयी थोडक्यात. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक पोलिसांनी दुचाकीस्वारांसाठी 'हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही' ही मोहीम राबवली. मोटारवाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती सायकलस्वाराला लागू नाही. सायकलीवर हेल्मेट घालणे चांगलेच. पण डबा घेऊन निघालेल्या कामगारावर त्याची सक्ती केली तर तो सायकलच सोडेल. त्याला त्याआधी हवा आहे तो मागचा दिवा, निदान लाल परावर्तक. काही रुपयांची ही वस्तू अंधारात हेल्मेटपेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

१.१ किलोमीटर आणि पुढे

नाशिकचा स्मार्ट रोड त्र्यंबक नाक्यापासून अशोकस्तंभापर्यंत १.१ किलोमीटरचा. त्याचे काम मुदतीपलीकडे रेंगाळले, त्या काळात जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मध्यवर्ती बसस्थानक परिसरातील नागरिकांनी पुष्कळ त्रास सोसला. या रस्त्याच्या आराखड्यात सायकल ट्रॅक होता. एवढ्या अंतराला सायकलीने चार-पाच मिनिटे लागतात. सातपूरहून येणाऱ्याचे बरेचसे अंतर त्र्यंबक नाक्याआधीच संपलेले असते, आणि अशोकस्तंभाहून रविवार कारंजाकडे वा गंगापूर रोडकडे निघालेला पुन्हा वाहनांच्या लोंढ्यात शिरतो. वांद्रे-कुर्ला संकुलाचा अनुभव येथे आठवल्यावाचून राहत नाही.

सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चे. त्यानिमित्ताने रुंद होणारे रस्ते पुढील कित्येक वर्षे तसेच राहणार आहेत. सायकल मार्गिकेचा प्रश्न प्रत्यक्षात निविदेसोबतच्या रस्त्याच्या छेदचित्रातच निकाली निघतो. दुभाजक केवढा, मार्गिका किती, गटार कोठे, पदपथ किती, हे तेथे मीटरमध्ये लिहिलेले असते. एकदा काँक्रीट पडल्यावर कडेला पांढरा पट्टा ओढून सायकलीचे चित्र काढता येते; त्या पट्ट्यावर संध्याकाळपर्यंत रिक्षा उभी राहते. सातपूर आणि अंबड वसाहतींच्या प्रवेशमार्गांवर पाळ्या बदलताना, म्हणजे सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराच्या सुमारास, सायकलींची मोजणी करून ते आकडे या आराखड्यांना जोडायचे झाले तर त्याला आठवड्याहून अधिक काळ लागू नये.